अंगदची शीळ

धारूरजवळ डोंगराच्या कडेला हरिबांचा मेंढरांचा कळप असतो. दिवाळी झाली की तो घाट उतरून तेलगावकडे निघतो. सोयाबीन निघालेल्या रानात शेतकरी मेंढरं बसवून घेतात, रानाला खत मिळतं आणि मेंढरांना चारा. अडचण फक्त घाटाची. त्या दिवसांत तिथं उसाचे ट्रॅक्टर एकामागे एक चालू असतात. मेंढरं काठीला जुमानत नाहीत, पुढं चालणाऱ्याची शीळ ऐकूनच कडेला सरकतात. ही शीळ आधी हरिबांची होती. त्यांचे गुडघे गेल्यापासून ती त्यांच्या पोराची, अंगदची झाली.

गेल्या पावसाळ्यात अंगदला शीळच घालता येईना.

त्याच्या जबड्यावर, हनुवटीखाली, ओठाच्या कडेला गाठी आल्या होत्या. पुटकुळ्या म्हणाव्यात तर त्यांना तोंड नव्हतं. लाल, गरम, सुपारीएवढ्या, कातडीच्या खूप आत. भाकरी चावताना डोळ्यांत पाणी यायचं. कुशीवर झोपायची तर सोयच नव्हती.

"बे अंगद, गालात सुपाऱ्या दडवल्या का?" चुलतभाऊ बंकट म्हणायचा. "एखादी आमाला बी दे की."

अंगद हसायचा नाही. हसलं तरी दुखायचं.

मेंढराला गळू झालं की हरिबा ते पिकू देतात, बाभळीचा काटा तापवून टोचतात, पू काढतात आणि वर हळद दाबतात. मेंढरू पुन्हा चरायला लागतं. आजवर हा इलाज कधी चुकला नव्हता. म्हणून त्यांनी पोरासाठीही काटा तापवला, तेव्हा घरात कुणालाच ते वावगं वाटलं नाही. पण काट्याला पू लागला नाही, नुसतं रक्त आलं. गाल इतका सुजला की डावा डोळा मिटला. मग मात्र भिवराबाईंनी नवऱ्याला आणि पोराला पहिल्या एसटीनं बीडला पिटाळलं.

तिथं कातडीच्या डॉक्टर करिष्मा मॅडम. काट्याची गोष्ट हरिबांनी स्वतःच सांगितली.

"मेंढराचं गळू पिकून वर येतं, आबा," मॅडम म्हणाल्या. "हे आतच राहतं. टोचलं, दाबलं की आतल्या आत फुटतं, पसरतं आणि खड्डा ठेवून जातं. आता काटा नको, नखही नको."

"धुळीत फिरतंय, तोंड धुत न्हाई, म्हणून झालं का?"

"धुळीनं नाही. कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी तुंबतात, सुजतात. बऱ्याचदा घराण्यातच असतं. तुमच्याकडं कुणाला होतं?"

हरिबांनी स्वतःच्या खड्डे पडलेल्या गालावरून हात फिरवला. "मला व्हतं की. लोक म्हणायचे, देवी आल्यात."

आधी सूज उतरायची औषधं झाली. मग रक्त तपासून मॅडमनी रोजची गोळी सुरू केली. जेवणानंतरच घ्यायची, जेवणात तेल-तूप हवं. घरात दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, बाईमाणसाला तर अजिबात नाही, पोटातल्या बाळाला धोका असतो. सुरुवातीला गाठी थोड्या वाढतील, घाबरायचं नाही.

मी धारूरच्या लॅबमध्ये रक्त तपासतो. अंगद मधूनमधून तपासणीला यायचा आणि बाही वर करत म्हणायचा, "गोचिडीपरीस तुमी बरे, विचारून तरी पिता."

दसऱ्याला तो आला तेव्हा गाल सपाट झाले होते. डाग होते, पण गाठी बसल्या होत्या. तरी चेहरा पडलेला. गोळीनं ओठ वाळून भेगाळले होते आणि शिळेऐवजी नुसती हवा निघत होती. त्यानं गोळी बंद केली होती.

"दुखत व्हतं तवा शीळ न्हाई, बरं झालं तरी न्हाई. मग कावून खायची गोळी? आबा म्हणतेत, औंदा कळप बंकट नेईल. त्याच्याकडं शीळ न्हाई, मोटरसायकलीचा हॉर्न हाय."

"हॉर्नला मेंढरं येतील?"

"येतील कुठली. दरीत पळतील."

मी तिथूनच मॅडमना फोन लावून त्याच्या हातात दिला. मॅडमनी समजावलं: ओठ वाळणारच, ते या गोळीचंच लक्षण. मात्रा थोडी कमी करू. पण गोळी अर्ध्यावर सोडली तर गाठी पुन्हा येऊ शकतात. ओठांना दिवसभर जाड मलम लावायचं, जिभेनं चाटायचे नाहीत.

अंगदनं गोळी पुन्हा सुरू केली आणि मलमाची डबी बंडीच्या खिशात टाकली. मेंढरामागं जाताना, पाणी पिऊन झाल्यावर, ओठाला बोट लागायचंच. बंकटनं त्याला 'नवरीबाई' म्हणायला सुरुवात केली.

दिवाळीपर्यंत ओठांच्या भेगा भरत आल्या. कळप निघाला तेव्हा पुढं अंगदच होता. घाटाच्या तोंडाशी हरिबा बंकटच्या मोटरसायकलवर मागं बसून आले होते. पहिल्या वळणावर खालून उसाचा ट्रॅक्टर वर आला आणि मेंढरं रस्ताभर पसरली. अंगदनं शीळ घातली. फुसकी निघाली. त्यानं खिशातून डबी काढली, ओठांवर बोट फिरवलं आणि पुन्हा घातली.

या वेळी ती दरीपलीकडं गेली. पुढच्या मेंढीनं मान वर केली, कडेला वळली, तिच्यामागं सगळा कळप सरकला. ट्रॅक्टर घरघरत निघून गेला.

"नवरीबाईचा आवाज फुटला," बंकट म्हणाला.

"गप बे," हरिबा म्हणाले. मग अंगदला हाक मारली, "डबी हाय न्हवं खिशात? सांडशील."

त्या मुक्कामी अंगद घोंगडीवर डाव्या गालावर झोपला.