चिठ्ठीसकट

कुळाची चौकशी केल्याशिवाय कुठलीही वस्तू हातात न घेणारा माणूस उभ्या नागपुरात एकच, तो म्हणजे आमचे साडभाऊ, माझ्या थोरल्या मेव्हणीचे यजमान. त्यांच्या घरी लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी असायची : कैरी, सासूबाईंच्या हातची, मीठ बेताचं. कुलरवर चिठ्ठी : वाळ्याच्या ताट्या कोणी बदलल्या, पाणी कोणत्या बाजूने गळतं. स्वतःच्या लग्नात तांदळाच्या ताटात नवरीचं नवं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा ह्यांनी तिचं माहेरचंच नाव लिहिलं. नवरीचे मामा भडकले. "काहून बदलाचं, मामाजी?" हे भर मांडवात म्हणाले, "माणूस घरात आणाचं अन् नाव दाराबाहेर ठेवाचं, हे कोणतं शास्त्र?" मेव्हणी अजून ही गोष्ट सांगते आणि सांगताना गालात हसते.

नोकरी बुटीबोरीच्या कापडाच्या कारखान्यात, कॉम्प्युटरच्या खोलीत. तिथे एका मोठ्या यंत्राच्या पोटात बऱ्याच आभासी मशिनी, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतले कॉम्प्युटर, चालतात, हे त्यांनी मला इतक्यांदा समजावलंय की मी झोपेतही सांगेन. एक पगार काढते, एक कापडाच्या गाठींचा हिशेब ठेवते. प्रत्येकीला साडभाऊंनी माहिती जोडलेली : नाव, आवृत्ती, कोणी बांधली, कशासाठी, आणि काय चुकूनही बंद करू नये. मग कारखाना दुसऱ्या कंपनीने विकत घेतला आणि मशिनी नव्या जागी हलवायचं ठरलं. ह्या हलवाहलवीत गोम अशी, की मशीन धडधाकट येते, चालूही होते, फक्त तिची माहिती वाटेत गळून पडते. नवा साहेब म्हणाला, "चालते ना? मग झालं."

"चालते तं साहेब, पण ते कोण आहे हे कसं समजन?"

साहेब हसला. साडभाऊंनी मात्र दिवाळी कारखान्यात काढली. फराळाचा डबा पोचवायला मीच चरफडत बुटीबोरीला गेलो. हे आधी माहिती बाजूला काढून ठेवत, मशीन नव्या जागी घेत, मग माहिती परत जोडून ओळ न् ओळ ताडून पाहत. चिवड्याकडे ढुंकून पाहिलं नाही. "थांबा भाऊ, पगारवालीचं नाव अजून येऊन नाही राहिलं." शेवटी तेही आलं. एकाही मशीनची ओळख हरवली नाही.

मग माणसं हलवायची पाळी आली. सगळ्यांकडून राजीनामे घेतले आणि त्याच खुर्च्यांवर पुन्हा नेमलं. साडभाऊंच्या गळ्यात नवं कार्ड आलं, नावाखाली 'नवीन रुजू'. पिकल्या केसांनी हे नवख्या पोरांसोबत प्रशिक्षणाला बसले. शिकवणाऱ्याने पडद्यावर पगाराची मशीन उघडली आणि म्हणाला, "बघा, माहिती अशी जपावी. कोणी बांधली, तेसुद्धा लिहिलंय." त्याने साडभाऊंचं नाव मोठ्याने वाचलं. "कोण होते हे? कोणाला माहीत आहे?"

साडभाऊंनी हात वर केला नाही.

त्यांच्याच तोंडून हे ऐकून माझं डोकं फिरलं. मशिनीला चिठ्ठीसकट घेतलं आणि माणसाला कोरं करून घेतलं, असल्या कंपनीचं तोंड पाहू नये. "अहो, पण तुम्ही काहून नाही बोलले?" मी ओरडलोच.

"नाव तं माह्या गळ्यातल्या कार्डावर बी होतं, भाऊ," ते शांतपणे म्हणाले. "त्यानं वाचलं नाही."

परवा त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. साडभाऊंनी लोणच्याची बरणी पुढे सरकवली. काच पुसलेली, लख्ख, चिठ्ठी नाही. सवयीने मी विचारलं, "कशाचं आहे?"

"खाऊन पाहा," ते म्हणाले. मेव्हणी खाली मान घालून पोळी वाढत राहिली.

लिंबाचं होतं. कोणाच्या हातचं, हे विचारायचा मला धीर झाला नाही.