पिवळ्या पट्टीच्या आतली वाट

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या भोसरीच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. भाजीवाला वजन करताना काट्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघतो. तेवीस वर्षं एका वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्शनला काढलीत. पार्ट हातात घ्यायचा, मापात नसला की लाल ट्रेमध्ये टाकायचा, मग ऑपरेटर कितीही गयावया करो. तर अशी मी. आणि तरी त्या कोपऱ्यापुढं माझं काही चालत नव्हतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कंपन्यांच्या बसगाड्या थांबतात. स्टॉप म्हणजे काय, तर एक पानटपरी आणि तिच्यापुढचा फूटपाथ. सकाळी सहाला तिथं पन्नास-साठ पुरुष उभे. मोटरसायकली फूटपाथवर आडव्या, तोंडात गुटखा, आणि मित्राला हाक मारायची तरी आईबहिणीवरून. कुणी कुणाच्या अंगाला हात लावत नव्हतं, खोटं कशाला बोलू? नुसतं बाईमाणूस आलं की आवाज चढायचा, वाट द्यायला कुणी हलायचं नाही, आणि पिचकारी चपलेपासून वीतभर अंतरावर पडायची. आता याची तक्रार कुठं आणि काय म्हणून लिहून द्यायची?

वर्कशॉपला जायची माझी शेअर रिक्षा त्याच कोपऱ्यावरून सुटते. पण मी दहा मिनिटं आधी निघायचे आणि मागच्या गल्लीनं, मंदिराला वळसा घालून पलीकडून यायचे. त्याचं कधी काही वाटलं नाही. माझी वाटच ती, असं धरून चालले होते.

लेकीला मात्र पळवाट नव्हती. डिप्लोमा करून ती चाकणच्या एका कंपनीत ट्रेनी लागली. सहा महिने नीट काढले तर कायम होणार होती. तिची बस टपरीसमोरच थांबते, आणि दारापर्यंत त्या गर्दीतूनच जावं लागतं. तिसऱ्या महिन्यात तिचं पोट दुखायला लागलं. मग डोकं. सुट्ट्या वाढल्या. एका संध्याकाळी बघते तर बाथरूममध्ये बसून सलवारीवरचा पिचकारीचा लाल डाग घासतेय.

"आई, मी उद्यापासून जात नाही," म्हणाली.

तिचे वडील दारात उभे होते. म्हणाले, "राहू दे. इथंच जवळपास बघू काहीतरी."

माझं डोकंच सटकलं. "वा! म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! थुंकायचं त्यांनी आणि नोकरी सोडायची हिनं?"

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. आधी नीट बोलले, "भाऊ, जरा सरका." कुणी ढिम्म हललं नाही. मग मात्र तोंड सुटलं, "मेल्यांनो, घरात आयाबहिणी नाहीत का तुम्हाला?" त्यावर गर्दीतून एकजण म्हणाला, "काकू, बीपी वाढंल." सगळे खदाखदा हसले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! पुढच्या दिवसापासून "काकूची पोरगी आली रे" सुरू झालं. लेकीनं बसमधून फोन केला. रडत होती. "आई, आता तू परत येऊ नकोस. हा आठवडा भरते आणि सोडते."

मला इतकं लाजल्यासारखं झालं म्हणून सांगू! जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि स्वतःच्या पोरीचं नुकसान करून बसले.

त्या हसणाऱ्यांतला एकजण आमच्याच वर्कशॉपमध्ये पॅकिंगला होता. दिवसभर माझी नजर चुकवत होता, म्हणून मी मुद्दाम त्याच्याकडे बघत राहिले. आमच्याकडे जमिनीवर दोन पिवळ्या पट्ट्या मारलेल्या असतात. मधली जागा चालायची. तिथं वस्तू ठेवायची नाही, ट्रॉली घालायची नाही, माणसानं उभं राहायचं नाही. हा गडी भरलेली ट्रॉली घेऊन आला, पट्टीशी थांबला आणि अख्ख्या मशीनला वळसा घालून गेला. वर दुसऱ्याला म्हणतो, "ए भावा, पट्टीतून बाहेर हो ना."

अगं बाई! फूटपाथवरचे ते सगळे कुठल्या ना कुठल्या कंपनीत रोज हेच करत होते की.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. मालकांना विचारून पिवळ्या रंगाचा उरलेला डबा आदल्या दिवशीच आणला होता. दुपारी ब्रश घेऊन कोपऱ्यावर बसले. टपरीवाले दादा जुन्या गावातले, त्यांनी मान हलवली. "ताई, रंगानं काय व्हणार हाय? जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाई."

"बघू," म्हटलं.

थोड्या वेळानं आमचे हे आले. जन्माचे फिटर. दोन मिनिटं बघत राहिले आणि न राहवून म्हणाले, "अगं, रेघ वाकडी चाललीय." घरी जाऊन दोरी आणि टेप घेऊन आले. नोकरी सोड म्हणणारा हाच माणूस उकिडवा बसून टपरीपासून बसच्या दारापर्यंत मापं घेत होता. संध्याकाळपर्यंत आमची वाट तयार झाली, कंपनीत असते तशीच.

शुक्रवारी लेक यायलाच तयार नव्हती. म्हटलं, "आजचा दिवस. उद्या सोडायची तर सोड." मी लांब, टपरीच्या आडोशाला उभी राहिले.

गर्दी होती तशीच होती. शिव्या त्याच, गुटखा तोच. पण सगळे पट्टीच्या बाहेर! कुणी सांगितलं नव्हतं, पाटी नव्हती. पायांनाच सवय. थुंकत होते तेही पलीकडे तोंड करून. एकच जण आत उभा होता, मोबाईलमध्ये डोकं घालून. लेक त्याच्यासमोर थांबली. आता ही माघारी फिरणार, असं मला वाटलं.

"दादा, पट्टी," ती म्हणाली.

त्यानं खाली बघितलं आणि "सॉरी सॉरी" करत बाहेर उडी मारली. ती मान वर करून बसमध्ये चढली.

मग मी वळले आणि सवयीनं मागच्या गल्लीकडे चालायला लागले. बसच्या खिडकीतून हाक आली, "आई, तिकडं कुठं? रिक्षा इकडंय!"

मी परत फिरले. दोन पट्ट्यांच्या मधून, त्या सगळ्यांच्या समोरून सरळ चालत गेले आणि रिक्षात बसले. घड्याळ बघितलं. दहा मिनिटं शिल्लक होती. तेवीस वर्षं रोज ही दहा मिनिटं मी त्यांना देत आले होते, आणि त्यांनी ती मागितलीसुद्धा नव्हती.