हरवलेल्या मुलीचं माप

“सर, हे जरा मोठं करा हो,” म्हणत काकू मोबाईल माझ्या हातात द्यायच्या. फोटोतल्या चेहऱ्याकडे त्या बघतच नसत. चष्मा पुसून कॉलर, काज, बाहीची टीप बघायच्या. “चेहरा बदलतो सर, शिवण नाय बदलत.” सिडकोत आमच्या घराखाली त्यांचं शिवणाचं दुकान होतं.

घरबसल्या मोबाईलवर तपास करणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काकूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तशी चाळीसेक होती. सिन्नरच्या बाजारातून चार वर्षांची एक मुलगी नाहीशी झाली होती, त्याला तीन वर्षं झाली तरी ही मंडळी शोधत होती. हरवली त्या दिवशीच्या फ्रॉकमधला तिचा फोटो ग्रुपवर सगळ्यांकडे होता. मुलीची आईही त्याच ग्रुपवर होती. ती कधी काही लिहीत नसे, फक्त वाचायची.

एके दुपारी ग्रुपवर फोटो आला. चांदवडच्या स्टँडवर एक म्हातारा, मांडीवर दोन वेण्यांचं पोर. मी तो मोठा केला आणि काकू मशीनवरून ताडकन उठल्या.

“तोच फ्रॉक! बाहीला दुहेरी टीप बघा. टाका ग्रुपवर!”

मी टाइप केलं, ‘फ्रॉक तोच आहे.’

अर्ध्या तासात स्टँडवर गर्दी जमली. म्हातारा ओरडत होता, “नवसाचं पोर हाय, नातू हाय माझा! जावळ काढायला गडावर चाललोय!” गर्दीनं त्याचं ऐकलं नाही, दोन थपडा बसल्याच. पोर खरंच मुलगा निघालं, अंगातला फ्रॉक थोरल्या बहिणीचा होता. नवसाच्या पोराला मुलीसारखं सजवतात, हे आपल्याकडे कुणाला नवीन आहे? पण त्या दिवशी कुणालाच आठवलं नाही.

सिन्नरहून जीप करून मुलीची आई तिथं पोचली होती. दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. आवाज न चढवता म्हणाली, “काकू, माझी आता सात वर्षांची असंल. तो फ्रॉक तिला कसा येईल?”

चाळीस वर्षं कपडे शिवलेल्या बाईला पोरं वाढतात एवढं सुचलं नव्हतं. मलाही नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

काकू चांदवडला जाऊन म्हाताऱ्याची माफी मागून आल्या. त्यानं चहा पाजला, पण नातवाला बाहेर येऊ दिलं नाही. काकूंनी ग्रुप सोडला.

पुढे दर दिवाळीआधी ती आई कापड घेऊन यायची. तिची हरवलेली मुलगी आता जेवढी असेल तेवढ्या वयाची गल्लीतली मुलगी काकू उभी करून माप घ्यायच्या आणि फ्रॉक शिवून द्यायच्या.

यंदा श्रावणात काकू गेल्या. दिवाळीच्या तोंडावर ती आई आली, शटर बंद बघून माझ्याकडे वर आली. मी सांगितलं तेव्हा जिन्यातच बसली. थोड्या वेळानं तिनं पिशवीतलं निळं कापड काढलं.

“सर, अकरा वर्षांच्या पोरीला एवढं पुरंल का?”

शाळेत रोज त्या वयाच्या पस्तीस मुली माझ्यासमोर बसतात. मला सांगता आलं नाही.