वास घ्या आणि सांगा

औषधी झाडांच्या रोपवाटिकेत किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपल्या पायांनी येतात. गुलाबाचं रोप न्यायला आलेला माणूस रोप घेतो आणि जातो. अडुळसा न्यायला आलेला माणूस आधी खोकला सांगतो, मग खोकला कुणाला आहे ते सांगतो, मग ज्याला आहे तो घरात कुणाचं कसं ऐकत नाही ते सांगतो. तोवर माझा चहा उकळून आटतो. केदारखेड्याला रस्त्यालगतच्या वीस गुंठ्यांत आम्ही हे सुरू केलं त्याला आठ वर्षं होतील, आणि आता रोपांपेक्षा किस्सेच जास्त झालेत.

'आम्ही' म्हणजे दोघंच. एक मी, नवीन जालन्यातल्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून रिटायर झालेला मास्तर. दुसऱ्या कौसाबाई, ज्या शाळेत कधी गेल्याच नाहीत. जमीन माझी, अक्कल त्यांची. गवती चहा, तुळस, पुदिना सावलीत वाळवून आम्ही चहाचं मिश्रण करतो आणि ते जालन्याला हमीदभाईंच्या दुकानात पाठवतो. हमीदभाई वाळकी मुळं, साली, पाला विकतात, वडिलांपासूनचा धंदा. सांगायचं ते या तिघांतलंच आहे, बाकी येणारं-जाणारं गिऱ्हाईक.

*

सुरुवातीला माझी मास्तरकी जात नव्हती. प्रत्येक वाफ्याला मी पत्र्याची पाटी ठोकली, वर मराठी नाव, खाली शास्त्रीय. कौसाबाईंनी पाट्या रंगवताना मला बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "पाटी वाचून खोकला थांबतो का, सर?"

मी पुढची पाटी रंगवायला घेतली. मास्तरला असल्या प्रश्नांची सवय असते.

पुढे एक दिवस शेजारचं वासरू आत घुसलं आणि निम्म्या पाट्या आडव्या झाल्या. रोपं तेव्हा बोटभर होती, सगळी सारखीच हिरवी. मी छाती ठोकून आठवणीवरून पाट्या परत रोवल्या. संध्याकाळी कौसाबाई आल्या. पाट्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. वाफ्यावाफ्याशी वाकून एकेक पान चुरगळलं, नाकाशी नेलं, आणि दोन पाट्या उपटून माझ्या हातात दिल्या. तुळशीला मी सब्जाची पाटी लावली होती आणि सब्जाला तुळशीची.

"पोरं बी अशीच पास केली का?" त्या म्हणाल्या.

तेव्हापासून पाटी मी लिहायची आणि जागा त्यांनी दाखवायची, असा नियम झाला.

*

आमच्याकडे पिकत नाही ते हमीदभाईंकडून यायचं. एकदा अनंतमुळाचं पोतं आणायला आम्ही दोघं गेलो. या मुळाला एक गोड वास असतो, आणि वास नसलेली त्याच्यासारखीच दिसणारी दुसरी मुळं बाजारात असतात. कौसाबाईंनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळातून एक मूळ काढून मोडलं आणि नाकाला लावलं.

"हमीदभाई, वरचं बराबर हाय. खाली काय भरलंय?"

हमीदभाईंचा चेहरा पडला. त्यांनी पोतं तिथंच फरशीवर उपडं केलं. वरचे दोन पसे खरे, खाली सगळं भलतंच. त्यांनाही कुणीतरी वरूनच फसवलं होतं.

"माझ्या अब्बांना कळायचं असं," ते म्हणाले. "मी पोत्याचं तोंड बघूनच घेतो. कौसाबाई, यापुढं तुम्ही आल्याबिगर मी माल उतरवत न्हाई."

आणि खरंच, महिन्यातून एकदा त्यांच्या दुकानात माल उतरायचा तो कौसाबाईंनी वास घेतल्यावरच. त्यासाठी त्या धुवट लुगडं नेसून जायच्या.

*

आता हा जरा वेगळा. भोकरदनकडून एक मामा आपल्या भाच्याला घेऊन आले. पोरगं विशीचं, नुसता हाडांचा सापळा. "अंगात ताकद न्हाई, पाणी पिऊन पिऊन हैराण हाय. शतावरी द्या," मामा म्हणाले.

मी रोप काढायला वाकलो होतो. कौसाबाई पोराच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "तोंड उघड बाबा." त्यानं उघडलं. त्या जवळ गेल्या, मागं सरकल्या, पुन्हा जवळ गेल्या.

"ह्याच्या तोंडाला पिकल्या फळाचा वास येऊन राह्यला. झाड न्हाई देत मी. जालन्याला दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता."

मामा चिडले. दोन जीपा बदलून आल्तो, म्हणाले, आणि तुम्ही रोप द्यायला तयार न्हाई! कौसाबाईंनी त्यांच्याशी वाद घातला नाही. रस्त्यावर जाऊन स्वतः जीप थांबवली आणि दोघांना बसवून दिलं.

आठ दिवसांनी मामा नारळ घेऊन आले. पोराची शुगर इतकी चढली होती की एक दिवस उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले होते. कौसाबाईंनी नारळ घेतला नाही. "डॉक्टरला द्या. मी तर नुसता वास घेतला."

तीस वर्षं मी मुलांना ज्ञानेंद्रियं पाच असं शिकवलं. त्यातलं एक इतकं शिकलेलं असू शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

*

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात गावाला तापाची साथ आली. घराघरात माणसं आडवी झाली. मी पंधरा दिवस निजून होतो, कौसाबाई तीन आठवडे. मला काही दिवस कशाचाच वास येत नव्हता, मग हळूहळू यायला लागला. त्यांना विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आता बराबर हाय." मी विषय सोडला.

काम पहिल्यासारखं सुरू झालं. त्या पान चुरगळायच्या, नाकाशी न्यायच्या, मान डोलवायच्या. हमीदभाईंकडे मात्र जायचं टाळायच्या. कधी गुडघा दुखायचा, कधी पाहुणे यायचे, आणि हमीदभाई वाट बघून माल तसाच उतरवून घ्यायचे.

मागच्या श्रावणात गवती चहाची वाळलेली पात डब्यात भरायची होती. आठवडाभर झड लागलेली. कौसाबाईंनी टोपलीतली मूठभर पात नाकाला लावली. "बराबर हाय. भरा."

मी टोपली जवळ ओढली आणि चमकलो. ओल्या गोणपाटासारखा कुबट वास येत होता. आत बुरशी धरली होती. पहिलीतलं पोरसुद्धा नाक मुरडेल असा तो वास होता, आणि कौसाबाई माझ्याकडे शांतपणे बघत होत्या.

मला बोलायचं धाडस झालं नाही. "आज नको, डबे धुवायचेत," असं काहीतरी म्हणालो. त्या घरी गेल्यावर ती सगळी टोपली खड्ड्यात पुरली. तो चहा लोक आजारी माणसाला पाजतात. माझ्या हाताला माती लागलेली होती आणि मला रडू येत होतं.

*

शेवटी मास्तर तो मास्तरच. दुसऱ्या दिवशी मी परीक्षा घेतली. बंद मुठीत कापराची वडी घेतली आणि हात पुढे केला. "कौसाबाई, हे कशाचं पान चुरगळलंय सांगा बरं."

त्यांनी माझी मूठ नाकाजवळ नेली. मग सोडून दिली.

"सर, परीक्षा घेऊन राह्यले का?"

मी मूठ उघडली. कापूर बघून त्या वाफ्याच्या कडेला बसल्या.

"न्हाई येत. त्या तापात गेल्ता तो आलाच न्हाई. चुलीवर भात करपतो, शेजारीण येऊन सांगती तवा कळतंय. तुम्ही कालची टोपली पुरली ना? खड्डा दिसला मला." त्या बोटानं वाफ्यातली माती उकरायला लागल्या. "दोन वर्सं मी नुसता हात नाकाला लावून राह्यले, सर. पान डोळ्यानं वळखू येतं म्हणून चाललं. पर वाळल्यालं, कुटल्यालं डोळ्याला काय कळतंय? कुणाच्या लेकराला भलतं गेलं असतं तर? उद्यापासनं मी येत न्हाई."

"आणि पाट्या कुणी तपासायच्या?" मी ओरडलो. मला तेवढंच सुचलं. माझा आवाज चढला की मुलं गप्प व्हायची. कौसाबाईंनी पदर झटकला आणि निघून गेल्या.

*

चौथ्या दिवशी सकाळी मी आलो तर त्या आधीच येऊन बसलेल्या. एक बाई तुळशीचं रोप मागायला आली. कौसाबाईंनी पान तोडून तिच्या हातात ठेवलं.

"चुरगळा. वास घ्या आन् सांगा कसा येतो."

बाई गोंधळली. म्हणाली, "तुळशीसारखा."

"तसा न्हाई. नाकाला झोंबतो का? घशात उतरतो का? आधी गोड येतो का मागून?"

बाईनं पुन्हा वास घेतला, डोळे मिटून सांगितलं, आणि मगच तिला रोप मिळालं.

तेव्हापासून हाच रिवाज. वाळलेला माल असला तर दोन वेगवेगळ्या माणसांचं सांगणं जुळल्याशिवाय त्या डब्याला हात लावत नाहीत. जुळलं नाही तर टोपली खड्ड्यात. गिऱ्हाइकाला वाटतं ही शिकवायची पद्धत आहे. कॉलेजातली एक पोरगी पुदिना हुंगून "टूथपेस्ट" म्हणाली, तिला त्यांनी तीनदा परत वास घ्यायला लावला. जालन्याहून एक शिंपीकाका आले होते, त्यांनी गवती चहाची पात नाकाला लावली आणि तशीच धरून ठेवली. मग म्हणाले, "आमची आई गेली त्या दिवशी सकाळी तिनं हाच चहा मागितला होता. मी दुकान उघडायच्या घाईत होतो."

कौसाबाईंनी त्यांना विचारलं नाही की झोंबतो का, गोड येतो का. एक मोठं बेट मुळासकट खणून त्यांच्या पिशवीत घातलं.

"ह्यांनी बराबर सांगितला," त्या मला म्हणाल्या.

*

राहिले हमीदभाई. त्यांना कसं सांगायचं याची मला धास्ती होती, कारण त्यांच्या दुकानातलं सगळं कौसाबाईंच्या नाकावर चालायचं. पण टाळाटाळ किती दिवस करणार? एके दिवशी कौसाबाई धुवट लुगडं नेसून तयार होऊन आल्या आणि म्हणाल्या, चला.

अनंतमुळाचं नवीन पोतं उघडून ठेवलेलं होतं. कौसाबाईंनी तळातून मूळ काढलं, मोडलं आणि हमीदभाईंच्या पुढे धरलं.

"आज तुम्ही वास घ्या. आन् मला सांगा."

हमीदभाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी नजर खाली घातली. ते धंद्यातले माणूस, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. पोत्याचा पैसा त्यांनी आधीच चुकता केला होता, हे मला माहीत होतं. 'चांगलं आहे' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांना अडवणारं आता कुणी नव्हतं.

त्यांनी मूळ नाकाला लावलं, आणखी एक मोडलं, आणखी एक. मग पोत्याचं तोंड बांधून ते बाजूला सारलं.

"वास न्हाई, कौसाबाई. हे मी परत धाडतो."

परत येताना जीपमध्ये कौसाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "अब्बांचं नाक आलंय त्यांना," एवढंच म्हणाल्या.

*

मध्यंतरी कौसाबाई दीड महिना आल्या नाहीत. घनसावंगीला दिलेली त्यांची लेक, मंगल, बाळंतपणाला माहेरी आली होती. लग्नाला अकरा वर्षं झालेली, आधीची दोन लेकरं राहिली नव्हती. या वेळी मुलगी झाली आणि सुखरूप झाली. मी पेढे पोचवून आलो, पण बाळ काही बघितलं नाही.

सव्वा महिना झाल्यावर एका सकाळी त्या बाळाला घेऊन रोपवाटिकेत आल्या. मंगल मागून हळूहळू चालत होती. मी हात धुतले, शर्टाला पुसले. कौसाबाईंनी दुपट्यातलं ते गाठोडं सरळ माझ्या हातात दिलं. मला लहान मूल धरता येत नाही. मी अवघडून उभा राहिलो.

"मान धरा. हां, अशी. आता टाळूला नाक लावा."

"अहो कौसाबाई..."

"लावा, सर. कसा येतो सांगा."

मी वाकलो. बाळ झोपेत होतं. मंगल तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघत होती. मी श्वास घेतला, डोळे मिटले, आणि परीक्षेला बसलेल्या मुलासारखं एकेक सांगायला लागलो.

"वेखंड. ओव्याची धुरी. खोबरेल. दूध."

कौसाबाईंनी मान हलवली.

"ते मला ठाऊक हाय, सर. तसा तर सगळ्याच लेकरांचा येतो. हिचा सांगा."