तेवढं यात कळत नाही

आमच्या डोंबिवली एमआयडीसीतल्या ऑफिसचं नेटवर्क बघायला शहाडहून एक गृहस्थ येतात. स्विचच्या कपाटापुढे चपला काढतात आणि काहीही विचारलं की आधी "बघू या" म्हणतात.

एकदा साहेबांनी त्यांना विचारलं, "ऑफिसच्या नेटवर दुसरी नोकरी कोण शोधतंय?"

"बघू या," म्हणत त्यांनी लॅपटॉपवर फायरवॉलमधली नोंद उघडली. कोणत्या कॉम्प्युटरवर काय बघितलं, सगळं त्यात होतं. मी फाइल घेऊन त्यांच्या मागेच उभी होते. नोकरीच्या साइट्सपुढे सगळ्यात वरचं नाव माझ्याच कॉम्प्युटरचं होतं.

त्यांनी लॅपटॉप मिटला. "तेवढं यात कळत नाही, साहेब."

जाताना माझ्या टेबलापाशी थांबून हळूच म्हणाले, "मॅडम, असलं मोबाइलवर बघत जा."

आता ते आले की मी त्यांच्यासाठी चहा सांगते, पण समोर बसून घेत नाही; त्या नोंदीत माझं आणखी काय काय दिसतं, कोण जाणे.