दोन तोट्यांची किटली

आपा कुणाच्याही घरी गेल्या, की भिंतीवरची एखादी तसबीर बोटाने हळूच तिरकी करून यायच्या. आमच्या रियाधच्या फ्लॅटमधला लग्नाचा फोटो मी त्यांच्यामागे दर वेळी सरळ करायचे. विचारलं तर म्हणायच्या, "अगो, वाकडा झाला म्हणून तरी आज नवऱ्याकडे बघितलंस ना?"

आपा मूळच्या रत्नागिरीकडच्या. शुक्रवारी दुपारी घरोघरची पुरुषमंडळी बिर्याणी जेवून आडवी झाली, की त्यांच्या हॉलमध्ये आम्हा बायकांचा चित्रकलेचा वर्ग भरायचा. दारात चपला काढायच्या आणि खोडरबरही तिथेच ठेवायचं, असा नियम होता.

माझा हात ठिपक्यांच्या रांगोळीवर घडलेला. डावीकडे पाकळी काढली की उजवीकडे तश्शीच आल्याशिवाय मला चैन पडत नसे. पहिल्याच दिवशी आपांनी समोर दल्ला ठेवली, म्हणजे अरबी कॉफीची पितळी किटली. एका बाजूला तोटी, दुसऱ्या बाजूला मूठ. मी अगदी मन लावून काढली. वर्गात खसखस पिकली तेव्हा लक्षात आलं, मी दोन्हीकडे तोट्याच काढल्या होत्या.

आपांनी ते चित्र थेट फ्रिजवर लावलं. येणाऱ्या प्रत्येकीला त्या ते दाखवायच्या. "ही आमची शहाणी. एका वेळी दोन पाहुण्या उरकते!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी गयावया केली, तेव्हा म्हणाल्या, "त्या जागी लावण्याजोगं काहीतरी काढ. या फ्रिजवरून उतरवते. जबान दिली."

मग मी हट्टालाच पेटले. पण दर चित्रावर आपा येऊन अर्ध्या कागदावर पंजा ठेवत. "हे झाकलं तर काय हरवलं? काही नाही!"

"पण तोल नको का, आपा?"

"कोळीण एका पारड्यात सुरमई ठेवते, तर दुसऱ्यात पण सुरमईच ठेवते काय गो? तिथे एवढंसं लोखंड असतं. होतो ना तोल?"

मला पटायचं, हाताला पटत नसे.

पुढे आपांच्या मिस्टरांची नोकरी संपली आणि दोघांची फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं मायदेशी परतायची परवानगी, निघाली. शेवटच्या शुक्रवारी हॉलमध्ये एक लांब गादी तेवढी उरली होती. तिच्या टोकाला आपा चहात बिस्किट बुडवत बसल्या होत्या. मी त्यांनाच काढायला घेतलं. कागदाच्या कोपऱ्यात आपा, बाकी सगळी रिकामी गादी. डावीकडे काहीतरी काढायला हात शिवशिवत होता, पण मन होईना. फार रडू येत होतं.

आपांनी सवयीने रिकाम्या भागावर पंजा ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"झाकलं तर मी नुसती चहा पितेय," त्या म्हणाल्या. "उघडलं तर चाललेय."

आणि एकही टोमणा न मारता त्यांनी फ्रिजवरची किटली उतरवली.

परवा त्यांचा गावाहून व्हिडिओ कॉल आला. मागे स्वयंपाकघरात नवा फ्रिज, आणि त्यावर दोन तोट्यांची किटली!

"आपा, जबान दिली होतीत!"

"ती त्या फ्रिजची. या फ्रिजचं कुठे काय बोलणं झालं होतं?"

"आणि दुसरं चित्र?"

त्यांनी फोन फिरवला. बाहेरच्या खोलीत, चांगल्या काचेच्या फ्रेममध्ये, आपा गादीच्या टोकाला बसल्या होत्या. फ्रेम तिरकी होती. ती सरळ दिसावी म्हणून मी इकडे माझा फोन वाकडा करायला लागले, आणि तिकडे आपा खो-खो हसत सुटल्या.