चुकीचा आशीर्वाद

छापखान्यात त्यांना सगळे वेलांटीकाका म्हणत. चाळीस वर्षं प्रुफं तपासून त्यांची बोटं अशी तयार झाली होती, की चुकीचा शब्द लिहायचा म्हटलं तरी हात अडायचा.

गेल्या आठवड्यात त्यांच्या ईमेलमध्ये कोणीतरी घुसलं आणि त्यांच्या नावानं ओळखीपाळखीत भलतीसलती पत्रं धाडली. 'पत्रात सतरा चुका होत्या हो!' हे एका ओळखीच्याकडून ऐकून काकांना चोरीपेक्षा जास्त झोंबलं. मग लेकीनं पासवर्ड बदलून दिला. इंग्रजी अक्षरांत 'आशीर्वाद', पुढं चार आकडे, आणि 'शी' मुद्दाम ऱ्हस्व. चुकलेला शब्द चोराला सहज सुचत नाही, म्हणाली.

आज पाचच्या आत तपासलेली प्रुफं घरून छापखान्याला ईमेलनं पाठवायची होती. काकांनी चारदा पासवर्ड घातला, चारदा नकार. वैतागून त्यांनी लेकीला ऑफिसात फोन लावला.

"बाबा, 'शी'ला एकच आय. तुम्ही डबल ई दाबताय ना?"

"अगं, शी दीर्घच आहे!"

"पासवर्डला कसलं आलंय शुद्धलेखन? एकदाच चुका की!"

"चुकतो बाई," म्हणत काकांनी दातओठ खाऊन पुन्हा टाइप केलं. पण बोटं जन्माची हट्टी. खातं चोवीस तासांसाठी बंद झालं.

छापखान्याच्या मॅनेजरला त्यांनी फोनवर खरं काय ते सांगितलं.

"आता थांबता येत नाही, काका. राहू द्या, आहे तसंच छापतो."

"अरे, नव्वद चुका आहेत त्यात!" काका ओरडले. पण पलीकडं यंत्राची घरघर सुरू झाली होती.